वाचकांचे प्रश्न : खुडूक कोंबडीची जागा बदलताना

प्रश्न : आमची गावठी कोंबडी परसातल्या लाकडांच्या खोपटीत, सरपणाच्या मोळ्यांमागे ११ अंड्यांवर खुडूक बसली आहे. ती नेमकी कधी बसली हे कळले नाही. आठ-दहा दिवस झाले असावेत. खोपटीला दार नाही आणि परवा संध्याकाळी तिथे मुंगूस फिरताना दिसले. तिला अंड्यांसह घराच्या पडवीत आणता येईल काय? सासूबाई म्हणतात की अंड्यांना हात लावला तर कोंबडी ती टाकून देते.
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : आणता येईल आणि मुंगसाने जागा पाहिली असेल तर आणावेच. सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. हलवलेली अंडी कोंबडी पुष्कळदा टाकते, पण ती हाताच्या वासामुळे नव्हे. कोंबडीला आपल्या अंड्यांची ओळख जवळजवळ नसतेच. खाली बदकाची अंडी ठेवली तरी ती तितक्याच निष्ठेने उबवते. तिला ओळख असते ती जागेची. माझ्या घरी एकदा भर दुपारी गोठ्यातली कोंबडी उचलून अंड्यांसह खुराड्यात ठेवली होती. दार उघडताच ती तडक गोठ्यात गेली आणि जिथे एकही अंडे उरले नव्हते त्या मोकळ्या गवतावर संध्याकाळपर्यंत पिसे फुलवून बसून राहिली. इकडे ९ अंडी थंडगार पडली. तेव्हापासून हे काम मी रात्रीशिवाय केलेले नाही.

त्याआधी एक गोष्ट नक्की करावी लागेल, ती म्हणजे बसून किती दिवस झाले. अंडी उबण्यास २१ दिवस लागतात, आणि शेवटच्या तीन दिवसांत, म्हणजे साधारण १८व्या दिवसानंतर, पिलू बाहेर येण्यासाठी अंड्यात आपली जागा धरत असताना हलवाहलव करू नये. कोंबडी दिवसातून एकदा चरायला उठते तेव्हा एक-दोन अंडी घेऊन अंधाऱ्या खोलीत त्यांच्या बोथट टोकाला मोबाइलच्या बॅटरीचा उजेड लावून पाहा. झाडाच्या मुळांसारख्या तांबड्या शिरा आणि हलणारा काळसर ठिपका दिसला, तर आठ-दहा दिवसांचा आपला अंदाज बरोबर आहे. अर्ध्याहून अधिक अंडे काळे दिसले तर दोन आठवडे होत आले आहेत, आणि बोथट टोकाची हवेची पोकळी सोडून सगळेच काळे असेल तर कोंबडी आहे तिथेच राहू द्या व तिच्याभोवती बंदोबस्त करा. एखादे अंडे इतके दिवस होऊनही स्वच्छ, पिवळसर पारदर्शक दिसले तर ते निर्बीज आहे. ते काढून टाकण्यात काहीच तोटा नाही.

नवी जागा दिवसाउजेडी तयार करून ठेवावी. कोंबडी अंग फिरवू शकेल एवढी पसरट बांबूची पाटी घ्या, तळाशी दोन बोटे किंचित ओलसर माती पसरा, मध्ये उथळ खळगा करा म्हणजे अंडी कडेला घरंगळणार नाहीत, आणि वर कोरडा भाताचा पेंढा चुरगळून घाला. उवा व पिसवांसाठी पेंढ्याखाली चुलीची चाळलेली राख भुरभुरावी, कारण अंगाला किडे लागले की चांगली बसलेली कोंबडीही अर्ध्यावर उठते. (आमच्याकडे पाटीत लोखंडाचा खिळा आणि कोळसाही ठेवीत, विजेच्या कडकडाटाने अंडी मरू नयेत म्हणून. त्याने अपाय होत नाही. उपयोग मात्र राखेचाच.) पाटी पडवीच्या सगळ्यात अंधाऱ्या, माणसांची वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवा. जुन्या जागेचा थोडा पेंढा त्यात मिसळला तर उत्तम.

रात्री आठ-नऊनंतर, घरातली निजानीज झाली की, दोघांनी मिळून जावे. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, त्यामुळे ती झटापट करत नाही. एकाने दोन्ही हात तिच्या पोटाखाली सरकवून पंख दाबून धरावेत आणि अगदी सावकाश वर उचलावे. खुडूक कोंबडीने पंखाच्या पिसांत एखादे अंडे धरून ठेवलेले असते आणि घाईने उचलले की ते वरून इतर अंड्यांवर पडते. एका हलवाहलवीत दोन-तीन अंडी फुटतात ती अशीच. ती टोचेल, फुत्कारेल. हात मागे घेऊ नका. दुसऱ्याने अंडी तूस घातलेल्या टोपलीत आडवी ठेवावीत आणि धक्का न देता न्यावीत. नव्या पाटीत अंडी आधी ठेवा, मग कोंबडी त्यांच्यावर अलगद टेकवा व वर डालगे उलटे घालून त्यावर गोणपाट टाका. काही क्षणांत ती अंग हलवून अंडी पोटाखाली ओढू लागली, की काम झाले. उजेड लावून पुनःपुन्हा पाहू नये.

ती उभीच राहिली तर अर्धा तास अंधारात एकटी सोडावी. या वयाची अंडी तास-दीड तास थंड राहिली तरी सहसा मरत नाहीत, फक्त पिले थोडी उशिरा निघतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. तरीही ती बसली नाही तर तिला अंड्यांसह खोपटीत परत ठेवावे आणि दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न करावा. त्या रात्रीपुरते जुन्या जागेवर डालगे झाकून वर पाटा किंवा जड दगड ठेवला की मुंगसाचा प्रश्न सुटतो.

दुसरा दिवस सर्वांत नाजूक असतो. डालग्याच्या आतच मूठभर मका किंवा ज्वारी आणि पसरट भांड्यात पाणी ठेवून तो पूर्ण दिवस तिला बाहेर सोडू नका. संध्याकाळी दार लावून पडवीतल्या पडवीत पंधरा-वीस मिनिटे मोकळी करा. ती दिवसभराची एकच मोठी, दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकेल, दाणे टिपेल, पाणी पिईल आणि परत वळेल. ती पाटीकडे वळते की दाराकडे, हे दुरून पाहावे. दोन-तीन दिवस ती पाटीकडे वळली म्हणजे जागा तिची झाली. तोवर खोपटीतला खळगा मोळ्या टाकून पूर्ण बुजवून टाकलेला असावा. कोंबडी पाटीत बसली की हे काम त्याच रात्री उरका, कारण जागा उघडी राहिली तर पुढची सगळी खटपट वाया जाते.

प्रश्न : कोंबडीला २० दिवस झाले असून अंड्यांतून चिवचिव ऐकू येते. पण खुराड्याच्या तळाशी लाल मुंग्यांची रांग लागली आहे. आता हलवू की नको?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अंडी सुटी करून हलवू नयेत, पण मुंग्या तशाच ठेवूनही चालणार नाही, कारण कवच फुटू लागलेल्या ओल्या पिलाला त्या आधी गाठतात. पेंढ्याखालून पत्रा किंवा सूप हळूच सरकवून घरटे आहे तसे, कोंबडी वर बसलेली असतानाच, हातभर उंच उचला. त्याखाली चार विटा ठेवा आणि प्रत्येक वीट पाणी भरलेल्या थाळीत उभी करा. पेंढ्याची टोके बाहेर लोंबत असतील तर कापा, नाहीतर मुंग्यांना तोच पूल होतो. कीटकनाशक पावडर घरट्याजवळ अजिबात नको.

प्रश्न : जागा बदलल्यापासून खुडूक कोंबडीच्या पाटीत दुसऱ्या कोंबड्या येऊन अंडी घालतात. कोणती जुनी, कोणती नवी हे कसे ओळखावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आज रात्रीच उबवणीच्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने चहूबाजूंनी रेघ ओढा, म्हणजे अंडे कसेही फिरले तरी खूण दिसेल, शाईचे पेन किंवा मार्कर वापरू नका. रोज कोंबडी उठली की बिनखुणेची अंडी काढून घ्या. ती एकाच दिवसाची असल्याने खाण्यास योग्य असतात.