इलेक्ट्रॉन 'तरंग' आहे म्हणजे तो नागमोडी धावतो का? आणि तसं नसेल, तर लाट नक्की कशाची?

नाही, नागमोडी धावत नाही. आकृत्यांमध्ये इलेक्ट्रॉनच्या वाटेवर वळणावळणाची रेघ काढलेली असते, त्यातून हा समज पसरतो. लाट कशाची याकडे वळण्याआधी ती मानावी का लागली, ते बघू.

लुई द ब्रॉग्ली यांनी १९२४ च्या प्रबंधात मांडलं की कणालाही तरंगलांबी असते : प्लांकचा स्थिरांक (निसर्गातला एक ठरलेला, अतिशय छोटा आकडा) भागिले संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. पुढे १९२७ मध्ये अमेरिकेत डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा इलेक्ट्रॉनांना वेग देणारा दाब ५४ व्होल्ट असताना ५० अंशांच्या कोनात उसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या ठळकपणे वाढलेली दिसली. पुढचं गणित कागद घेऊन स्वतः कराच. ५४ चं वर्गमूळ ७.३५. द ब्रॉग्लींच्या सूत्रात इलेक्ट्रॉनचं वस्तुमान आणि विद्युतभार घातले की १२.२७ भागिले ७.३५, म्हणजे १.६७ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) तरंगलांबी येते. आता दुसरीकडून या : शेजारच्या ओळींवरून उसळणाऱ्या लाटांच्या वाटांत एका तरंगलांबीचा फरक पडतो, त्या कोनात त्या एकमेकींना बळ देतात. निकेलच्या त्या पृष्ठभागावर अणूंच्या ओळींमधलं अंतर २.१५ अँगस्ट्रॉम. त्याला ५० अंशांच्या साइनने, ०.७६६ ने गुणा : १.६५. पहिल्या हिशेबात स्फटिक कुठेच नाही, दुसऱ्यात व्होल्टेज कुठेच नाही, आणि तरी उत्तरं जुळतात! मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

आता लाट कशाची? १९८९ मध्ये जपानमध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इतके विरळ इलेक्ट्रॉन सोडले की उपकरणात एका वेळी एकच असायचा. जाण्यासाठी वाटा दोन. पडद्यावर प्रत्येक वेळी एकच ठिपका उमटे, पसरट डाग कधीच नाही. सुरुवातीचे ठिपके कुठेही विखुरलेले. हजारो जमल्यावर मात्र त्यांतून व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून होणारे, पट्टे दिसू लागले. एकमेकांना कधी न भेटलेल्या इलेक्ट्रॉनांनी ते मिळून घडवले असं म्हणताच येत नाही.

म्हणजे इलेक्ट्रॉन सापडतो तो अख्खा, एकाच जागी. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, हे तरंग ठरवतो. मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये हाच अर्थ दिला : तरंगाच्या मूल्याचा वर्ग म्हणजे संभाव्यता. सगळी मेख दोन्ही वाटांच्या तरंगांची 'आधी बेरीज, मग वर्ग' या क्रमात आहे. नुसत्या संभाव्यतांची बेरीज केली तर दुसरी वाट उघडल्यावर कुठेही पोहोचण्याची शक्यता वाढेल किंवा फार तर तेवढीच राहील. तरंगांची मूल्यं मात्र विरुद्ध चिन्हांचीही असू शकतात आणि एकमेकांना खोडतात. म्हणून पडद्यावर अशा जागा असतात, जिथे एकच वाट उघडी असताना इलेक्ट्रॉन येतात आणि दोन्ही उघडल्या की जवळजवळ येतच नाहीत. कोणती वाट घेतली याची नोंद ठेवणारं काही मध्ये बसवलं, तर पट्टे पुसले जातात.

'मग इलेक्ट्रॉनच पसरून लाट होत असेल' असं वाटणं साहजिक आहे, पण दोन इलेक्ट्रॉन घेतले की हे चित्र टिकत नाही. दोघांना मिळून एकच तरंग लिहावा लागतो, आणि तो दोघांच्या मिळून सहा निर्देशांकांवर (प्रत्येकाची जागा सांगणारे तीन-तीन आकडे) अवलंबून असतो. आपल्या तीन मितींच्या अवकाशात पाण्यासारखी पसरलेली लाट म्हणून तो काढून दाखवता येत नाही.