गहू नको, पास्ता हवा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

‘गहू बंद केलाय’ आणि ‘वजन उतरवायचंय’ अशी दोन तऱ्हेची पत्रे आमच्याकडे येतात आणि दोघांनाही एकाच पाककृतीची अपेक्षा असते. ती बहुतेक वेळा एक नसते. या वेळची पत्रे सीमाभागातली, म्हणून उत्तरेही बेळगावच्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांवर बेतली आहेत.

मुलीला सिलिअ‍ॅक (ग्लूटेन न चालण्याचा आजार) असल्याचे निदान झाले आहे. घरात खपली गव्हाचा रवा नेहमी असतो. खपली पचायला हलकी, मग तिचा पास्ता घरी केला तर चालेल का? (चिकोडी)

नाही. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हातले पीठ बांधून धरणारे प्रथिन, आहे. सिलिअ‍ॅकमध्ये प्रश्न जड-हलक्याचा नसतो. ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि ती थोड्याशा पिठानेही होते. रवा, मैदा, दलिया, बाजारच्या शेवया, जव हे सगळे बाद. सातूचे पीठही बाद, कारण आपल्याकडे त्यात डाळ्यांबरोबर गहू असतो. लोक विसरतात ते डबीतल्या हिंगाला. बाजारच्या बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. सोया सॉसमध्येही गहू असतो.

दुसरी गोष्ट गिरणीची. गव्हाच्या दळणामागून ज्वारी टाकली तर आधीचे पीठ जात्यात उरलेले असतेच. ‘आधी थोडी ज्वारी फिरवून टाकतो’ एवढ्यावर विसंबू नका. घरघंटी असेल तर ती फक्त बिनगव्हाच्या धान्याला ठेवा. नसेल तर पाकिटातले पीठ घ्या आणि त्यावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेले पाहा. आपल्या देशात तसे लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. सोऱ्या, चाळण आणि लाकडी पोळपाट मुलीसाठी वेगळे हवेत. गृहउद्योगाची पाकिटे घेताना घटकांची यादी वाचा. कन्नडमध्ये ‘गोधी’ दिसले तर तो गहू, ‘अक्की’ म्हणजे तांदूळ.

ज्यांचे निदान झालेले नाही, त्यांनी तपासणीआधी गहू सोडू नये. गहू बंद असताना रक्ताची तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

तीन महिने तांदळाचा आणि डाळीचा तयार पास्ता आणतोय. वजन तिथेच! ग्लूटेन नाही, मग अडतंय कुठे? (निपाणी)

ग्लूटेन हे प्रथिन आहे. ते काढले म्हणून कॅलरी कमी होत नाहीत. गव्हाचा, तांदळाचा, मक्याचा किंवा मसूरडाळीचा कोरडा पास्ता घ्या, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपासच कॅलरी भरतील. डाळीच्या पास्त्यात प्रथिने आणि चोथा जास्त, म्हणून पोट जरा जास्त वेळ भरलेले राहते, इतकाच त्याचा फायदा.

खरोखर हलक्या अशा भाज्याच. सोललेल्या दुधीत १०० ग्रॅमला १५च्या आसपास कॅलरी, कोबी, नवलकोल आणि तांबड्या भोपळ्यात २५च्या आसपास, गाजरात ४०. पण नुसत्या दुधीच्या पट्ट्यांवर जेवण उरकले तर तासाभरात फरसाणाच्या डब्याकडे हात जातो. म्हणून आमचा सल्ला मिश्रणाचा : माणशी शिजलेला पास्ता किंवा शेवया ६० ग्रॅम, भाजीच्या पट्ट्या १५० ते २०० ग्रॅम, वर एक अंडे किंवा ५० ग्रॅम पनीर. शिजलेल्या पास्त्याचे वजन कोरड्याच्या सव्वादोन पटीपर्यंत जाते, तेव्हा मोजताना कुठले वजन धरताय ते ठरवून घ्या. पुष्कळांचा हिशेब इथेच चुकतो.

आणि सॉसकडे बघा. टेबलचमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, चीजचा एक क्यूब ८०, शेंगदाण्याच्या कुटाचा टेबलचमचा ५५ ते ६०. दुधीवर दोन क्यूब किसले आणि कढईत दोन चमचे तेल ओतले की साध्या पास्त्याने काय बिघडवले होते, असे म्हणायची वेळ येते. मैद्याच्या पांढऱ्या सॉसऐवजी २०० ग्रॅम फ्लॉवर मऊ शिजवून, निथळून, १०० मिली दूध आणि दोन लसूण पाकळ्यांबरोबर वाटा. दाटपणा चांगला येतो. मिरपूड मात्र हात राखून न घालता घाला, नाहीतर फ्लॉवरचा वास पुढे येतो.

ज्वारीच्या पिठाच्या शेवया पास्त्यासारख्या करून पाहिल्या. सोऱ्यातून तुकडे तुकडेच पडतात. पीठ घरचेच, भाकरी छान होते त्याची. (संकेश्वर)

भाकरीला चालणारे पीठ शेवयांना चालेलच असे नाही. ज्वारीत पीठ बांधून धरणारे ग्लूटेन नाही, बांधायचे काम फक्त शिजलेला स्टार्च करतो. तो नीट शिजला नाही की शेव तुटते. तुमच्या पत्रात ‘गरम पाण्यात मळले’ असे आहे, दोष तिथे आहे. पाणी गरम नव्हे, खळखळ उकळते हवे आणि पीठ त्यात गॅसवरच पडायला हवे.

एक वाटी ताजे, बारीक चाळलेले पीठ (सुमारे १२० ग्रॅम), एक वाटी पाणी, पाव चमचा मीठ. पीठ चार-पाच आठवड्यांपेक्षा जुने नको. जुन्याचा चिकटपणा जातो आणि कडवट चवही येते. कोरड्या पिठात एक लहान चमचा इसबगोल मिसळा आणि पाणी दोन टेबलचमचे वाढवा. इसबगोल पाणी धरून ठेवते, शेवयांना थोडी लवचीकता येते. पाणी उकळले की गॅस मंद करून पीठ एकदम टाका, लाटण्याच्या टोकाने जोरात घोटा, झाकण ठेवून तीन मिनिटे वाफ द्या. उतरवून पाच मिनिटे झाकूनच ठेवा.

मग हाताला सोसेल तेवढी गरम असतानाच उकड मळायची. ओल्या तळव्याने, चार मिनिटे तरी, अगदी परातीला घासून. गोळा दाबला तर कडेला चिरा पडता कामा नयेत. पडल्या तर चमचाभर कोमट पाणी, पुन्हा मळणे. सोऱ्याला आतून तेलाचे बोट फिरवा आणि जाड शेवेची, तीन मिलिमीटर भोकांची चकती लावा. बारीक चकतीतून ज्वारी हमखास तुटते. सगळी उकड एकदम बाहेर ठेवू नका. एक गोळा सोऱ्यात, बाकीची ओल्या फडक्याखाली. थंड उकड दाबताना दांडा जड जातो आणि शेव खडबडीत निघते.

तेल लावलेल्या इडलीपात्रात आठ मिनिटे वाफवा. बाहेर काढल्याबरोबर हात लावायचा नाही! दहा-पंधरा मिनिटांत त्या घट्ट होतात, मग बोटांनी सुटतात. या शेवया पाण्यात उकळू नका, विरघळतील. सॉस वेगळा, दाट, आणि वाढताना वरून. कढईत परतायच्याच असतील तर उलथण्याने न ढवळता कढई हलवा.

एवढ्या पिठाच्या शेवयांत ४००च्या वर कॅलरी आहेत. गहू टाळणाऱ्यांसाठी ही उत्तम सोय, वजनासाठी मात्र वर लिहिलेले मापच.

दुधीचे ‘नूडल्स’ केले की ताटात पाणीच पाणी. टोमॅटोचा सॉस पार वाहून जातो. (शहापूर, बेळगाव)

आधी एक सक्तीचे : दुधीचा लहान तुकडा कच्चा चाखून पाहा. कडू लागला तर थुंका आणि अख्खी दुधी फेका. कडू दुधीने उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात जातो, शिजवून ते विष जात नाही.

आता पाण्याचे. दुधीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते आणि मीठ ते बाहेर ओढते. ते ताटात सुटण्याऐवजी आधीच सुटू द्या. कोवळी दुधी सोला, सोलण्याने लांब पट्ट्या काढा आणि बिया दिसू लागल्या की थांबा. मधला गर पिठल्यात किंवा थालीपिठात घाला, नूडल्समध्ये नको. २५० ग्रॅम पट्ट्यांना पाव चमचा मीठ चोळून चाळणीत पंधरा मिनिटे ठेवा, मग पंचात घेऊन हलके पिळा. कढई चांगली तापवा, एक लहान चमचा तेल, पट्ट्या टाका, मोठ्या आचेवर दीड मिनिट. झाकण ठेवायचे नाही. एका वेळी दोन माणसांपुरतेच. कढई गच्च भरली की पट्ट्या परतल्या न जाता वाफेवर शिजतात.

सॉस आधी तयार हवा आणि नेहमीपेक्षा घट्ट हवा. ४०० ग्रॅम टोमॅटो, चार लसूण पाकळ्या, दोन भिजवलेल्या ब्याडगी मिरच्या वाटून, दोन लहान चमचे तेलावर वीसेक मिनिटे आटवा. कढईच्या तळाशी चमचा ओढला आणि रेघ उमटून राहिली की झाले. मीठ चाखून, पट्ट्यांना आधीच लागले आहे.

खरे सांगायचे तर दुधीपेक्षा नवलकोल सरस. दाताखाली थोडा कडकपणा राहतो, पाणी कमी सुटते. महागड्या झुकिनीमागे धावायचे कारण नाही. दोनशे ग्रॅमच्या आतले कोवळे गड्डे घ्या, मोठ्यात बुडाकडे दोरे असतात. साल जाड काढा, सालीखालचा तंतूंचा थरही. दोन मिलिमीटरच्या चकत्या, त्यांच्या तशाच बारीक पट्ट्या. उकळत्या मीठपाण्यात दीड मिनिट, निथळून कोरड्या फडक्यावर पसरा. ढिगात ठेवल्या तर आतल्या आत शिजत राहतात.

जपानी शिराटाकी (पारदर्शक, कमी कॅलरीची नूडल्स) सुरणाची असते म्हणे. आमच्याकडे सुरण भरपूर होतो. घरी जमेल? (खानापूर)

नाही जमणार. ती कोंजॅक नावाच्या, सुरणाच्याच कुळातल्या कंदाची असते. त्या कंदात ग्लुकोमॅनन हा पाणी धरणारा तंतू भरपूर असतो आणि चुन्याच्या निवळीने त्याची जेली घट्ट होते. आपल्या सुरणात मुख्यतः स्टार्च. त्याला चुना लावून नूडल्स होत नाहीत. सुरणाचे काप चिंचेच्या पाण्यात उकडून परता, ते वेगळे आणि चांगले.

शिराटाकीचे पाकीट आणलेच तर त्याचा मासळीसारखा वास चुन्याच्या पाण्याचा आहे, माल खराब नाही. पाणी ओतून द्या, वाहत्या पाण्यात दोन मिनिटे चोळून धुवा, तीन मिनिटे उकळा. नंतर कोरड्या कढईत, तेल न घालता, सहा-सात मिनिटे परता. वाफ थांबून नूडल्स कढईला घासताना चुईचुई आवाज आला की त्यांत सॉस मुरतो. ही पायरी गाळणारे ‘रबर’ म्हणून तक्रार करतात. फ्रीझरमध्ये ठेवू नका, पाणी सुटून खरोखरच रबर होते. १०० ग्रॅमला दहाच्या आसपास कॅलरी, पण पोषणही जवळपास शून्य. कात्रीने लहान कापा, चावून खा. गिळायला त्रास असलेल्यांनी टाळावे. मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

तांदळाच्या शेवया डब्यात गोळा होतात. तांदूळ इंद्रायणी, शेतातला. (येळ्ळूर)

इंद्रायणी चिकट, म्हणून. शेवयांना जुना, मोकळा शिजणारा तांदूळ घ्या, सोना मसुरी चालेल. इंद्रायणीच वापरायचा तर तीन भाग ज्वारीला एक भाग तांदूळ. डबा भरताना शेवया पूर्ण निवलेल्या असाव्यात आणि सॉस वेगळ्या डबीत. फ्रिजमधून काढलेल्या शेवया कडक झालेल्या असतात, कढईत परतू नका, चार मिनिटे वाफ द्या.