वाचक विचारतात : ट्रकवाल्यांच्या पेन्शनचा हिशेब

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा. ओहायोत एका मालवाहतूक कंपनीत सत्तावीस वर्षे नोकरी केली. आधी गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम केले आणि मग ट्रक चालवला. ट्रकवाल्यांच्या टीमस्टर्स युनियनचा सभासद होतो. कंपनी केव्हाच बंद पडली. पेन्शन मात्र अनेक कंपन्यांच्या सामाईक फंडातून येते, महिना 2,700 डॉलर. मध्यंतरी फंड बुडणार अशी चर्चा होती, मग सरकारने पैसे दिले. तरीही दरवर्षी येणाऱ्या पत्रात फंडाची स्थिती ‘गंभीर’ असल्याचे छापलेले असतेच. ते वाचले की पत्नीची झोप उडते. फंड खरोखरच बुडाला, तर आमच्या हाती काय राहील?
– एक वाचक, ओहायो

उत्तर : आपण फंडाचे नाव कळवलेले नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही, कारण अशा सगळ्या फंडांना कायदा एकच आहे. तेव्हा आधी पत्रातल्या त्या शब्दाविषयी. ज्या फंडाने 2021 च्या ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ कायद्याखाली विशेष अर्थसाहाय्य घेतले, तो फंड 2051 सालापर्यंत ‘गंभीर’ स्थितीतच आहे असे मानावे, अशी अट कायद्यानेच घातलेली आहे. फंडाची तब्येत कितीही सुधारली, तरी तो शब्द पत्रावरून जाणार नाही. आपल्या पत्नींना हे अवश्य सांगावे. त्या पत्रात पाहायचे ते वेगळेच असते : फंडाकडे एकूण मालमत्ता किती आहे, वर्षभरात पेन्शनपोटी किती गेले, आणि कामावर असलेल्या सभासदांच्या नावे मालकांकडून किती जमा झाले. मागची तीन-चार वर्षांची पत्रे शेजारी शेजारी ठेवून हे तीन आकडे वाचले, म्हणजे फंड कोणत्या दिशेने चालला आहे हे कोणत्याही सल्लागाराशिवाय कळते.

आता मूळ प्रश्न. फंड आटला, तर ‘पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन’ हे 1974 च्या कायद्याने उभे राहिलेले सरकारी हमी महामंडळ पुढे येते. मात्र ते आपले पूर्ण पेन्शन देत नाही, आणि बहुतेक ट्रकवाल्यांचा गैरसमज नेमका इथेच असतो. अनेक मालकांच्या सामाईक फंडासाठी हमीचे सूत्र असे आहे : नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे आपण महिना किती डॉलर पेन्शन कमावले ते काढायचे, त्यातले पहिले 11 डॉलर पूर्ण धरायचे, पुढच्या 33 डॉलरचे तीन चतुर्थांश धरायचे आणि त्यावरचे सगळे सोडून द्यायचे. आपले 2,700 भागिले 27 म्हणजे वर्षामागे 100 डॉलर. त्यातून हमीत बसतात 35 डॉलर 75 सेंट. त्याला 27 ने गुणले, की महिना 965 डॉलर 25 सेंट. तीस वर्षे नोकरी केलेल्यालासुद्धा या सूत्राने वर्षाला 12,870 डॉलरपेक्षा जास्त मिळत नाही. ही मर्यादा 2000 सालच्या अखेरीस ठरली आणि महागाईबरोबर ती वाढत नाही. एकाच कंपनीचा फंड बुडाला, तर त्या कामगारांसाठी हमीची मर्यादा याच्या कितीतरी पट आहे आणि ती दरवर्षी वाढते. हा भेद मला कधीच पटलेला नाही.

घाबरून जाण्यासारखी परिस्थिती आज आहे का, तर नाही. अर्थसाहाय्याची रक्कम फंडांना 2051 पर्यंत पेन्शन पूर्ण देता यावे या हिशेबाने ठरवली गेली, ती फेडायची नाही, आणि ती इतर पैशांपासून वेगळी ठेवून तिचा किमान दोन तृतीयांश भाग भरवशाच्या रोख्यांतच गुंतवावा लागतो. शिवाय ज्याने हे साहाय्य घेतले, त्या फंडाला 2014 च्या कायद्यातली पेन्शन कापण्याची वाट नव्याने धरता येत नाही. मात्र हे साहाय्य एकदाच मिळणारे होते. अर्ज करण्याची मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंतच होती. त्यामुळे आपल्या वयाच्या माणसाने निश्चिंत राहावे. आज पस्तिशीत असलेल्या ट्रकवाल्याने मात्र स्वतःची वेगळी बचत ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझा मुलगा शिकागोजवळ एका मालवाहतूक कंपनीच्या कार्यालयात आहे. तिथले जुने चालक म्हणतात, टीमस्टर्स युनियनचा पुढारी हॉफा आणि माफिया यांनी पेन्शनचे पैसे लास व्हेगासच्या जुगारखान्यांत घातले, म्हणून फंड बुडाला. हे खरे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अर्धे खरे आहे. हे चालक ज्याविषयी बोलतात तो ‘सेंट्रल स्टेट्स’ फंड जिमी हॉफाच्या पुढाकाराने 1955 मध्ये उभा राहिला. त्याच्या पैशांतून लास व्हेगासच्या कॅसिनोंना कर्जे दिली गेली आणि या फंडाच्या कर्जांतील फसवणुकीबद्दल हॉफा 1964 मध्ये शिकागोच्या न्यायालयात दोषी ठरला. पुढे 1982 मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली करार होऊन गुंतवणुकीचे अधिकार बाहेरच्या व्यावसायिक संस्थांकडे गेले. गुन्हेगारीची गोष्ट रंगवून सांगता येते म्हणून ती टिकून आहे. पण फंडाला खड्ड्यात घातले ते त्यानंतरच्या, रंगवून सांगता न येणाऱ्या गोष्टींनी.

1980 साली अमेरिकेने ट्रकवाहतुकीवरील दरांचे आणि परवान्यांचे जुने नियंत्रण बहुतांशी उठवले. युनियन नसलेल्या स्वस्त कंपन्या बाजारात आल्या आणि जुन्या कंपन्या एकामागून एक मोडल्या. सामाईक फंडात मोडलेल्या कंपनीच्या कामगारांचे पेन्शन उरलेल्या कंपन्यांच्या वर्गणीतून द्यावे लागते. अशा कामगारांना तिथे ‘अनाथ’ म्हणतात. पंक्तीतून एकेक जण उठून जावा आणि सगळ्यांच्या जेवणाचे बिल शेवटी बसलेल्यांनी भरावे, तसा हा प्रकार. 1980 मध्ये या फंडात एका निवृत्त किंवा काम सोडलेल्या सभासदामागे चार जण कामावर होते. पुढे हे प्रमाण उलटे झाले आणि कामावरच्या एकामागे जवळपास पाच जण पेन्शनचे हक्कदार उरले. वर्गणीतून येणाऱ्या रकमेपेक्षा वर्षाला सुमारे दोन अब्ज डॉलर जास्त बाहेर जाऊ लागले.

फंड सोडणाऱ्या मालकाने आपल्या वाट्याची तूट भरून जावे, असा कायदा 1980 मध्येच झाला होता. पण त्याचे हप्ते वीस वर्षांपुरतेच, आणि दिवाळखोराकडून वसूल काय होणार? यूपीएस या पार्सल कंपनीने मात्र 2007 मध्ये 6.1 अब्ज डॉलर रोख मोजले आणि ती बाहेर पडली. ती फंडातली सर्वांत मोठी, वेळेवर वर्गणी भरणारी कंपनी होती. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि फंडाची मालमत्ता जवळपास एक तृतीयांशाने घटली. त्या खड्ड्यातून वर येण्याइतकी माणसे वर्गणी भरायला उरलीच नव्हती.

सप्टेंबर 2015 मध्ये फंडाने पेन्शन कापण्याची परवानगी मागितली. सुमारे 2 लाख 70 हजार लोकांचे पेन्शन कमी होणार होते. निवृत्त चालक रस्त्यावर उतरले. ओहायोतले बुच लुईस हे त्या चळवळीतले एक नेते 2015 च्या शेवटच्या दिवशी पक्षाघाताने वारले. असे फंड वाचवण्यासाठी नंतर आलेल्या विधेयकाला त्यांचेच नाव दिले गेले. मे 2016 मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने कपातीचा अर्ज फेटाळला आणि डिसेंबर 2022 मध्ये, वर सांगितलेल्या 2021 च्या कायद्याखाली, या फंडाला 35.8 अब्ज डॉलर मंजूर झाले. ते मिळाले नसते, तर साडेतीन लाख लोकांचे पेन्शन साधारण साठ टक्क्यांनी घटले असते.

प्रश्न : मी एस.टी.चा निवृत्त चालक आहे. आमच्या ईपीएस-95 ची, म्हणजे 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेचीही अशीच गत होईल का?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : तशी होण्याची शक्यता कमी आहे, पण कारण ऐकून आपल्याला आनंद होणार नाही. आपला निधी एका धंद्यावर किंवा थोड्या मालकांवर उभा नाही. देशभरातील आस्थापना त्यात भरणा करतात. आपल्याकडचा प्रश्न निधी बुडण्याचा नसून पेन्शन मुळातच तुटपुंजे असण्याचा आहे. मालकाचा 8.33 टक्के वाटा 15,000 रुपयांच्या पगारमर्यादेवर धरला, तर महिन्याला जेमतेम 1,250 रुपये होतात, आणि किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयेच आहे. अमेरिकेतील चालकांना मोठे आश्वासन मिळाले आणि ते मोडू घातले होते. आपल्याला मुळात छोटेच आश्वासन मिळाले आहे.

प्रश्न : वरील फंडासारख्याच एका फंडातून माझ्या यजमानांना पेन्शन मिळते. आम्ही कायमचे नाशिकला परतणार आहोत. त्यांच्या पश्चात मला काही मिळेल का, आणि काय काळजी घ्यावी?
– एक वाचिका, इलिनॉय

उत्तर : लग्न झालेल्या कामगाराचे पेन्शन तिथल्या कायद्याने आपोआप जोडीदारासह ठरते. पतीच्या पश्चात पत्नीला किमान निम्मी रक्कम मिळते, मात्र तिने लेखी आणि साक्षांकित संमती देऊन हा हक्क सोडलेला नसावा. निवृत्तीच्या वेळी भरलेला तो फॉर्म आजच शोधून त्यावर आपली सही कशाखाली आहे ते पाहावे. पुष्कळ घरांत थोड्या जास्त रकमेच्या मोहाने ही सही झालेली असते आणि ती बहुधा मागे घेता येत नाही.

परतल्यावर पत्ता कळवण्यात हयगय करू नये. सेंट्रल स्टेट्सच्या हिशेबात साडेतीन हजारांच्या आसपास मृत सभासद जिवंत धरले गेले होते आणि त्यांच्यापोटी अर्थसाहाय्यात जास्त आलेले सुमारे 12.7 कोटी डॉलर फंडाने 2024 मध्ये सरकारला परत केले. तेव्हापासून जिवंत कोण आणि मृत कोण, याची तपासणी कडक झाली आहे. आपल्याकडे बँकेत नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. तिकडून तसे पत्र नाशिकच्या पत्त्यावर आले, तर ते परकी भाषेतले सरकारी कागद म्हणून कपाटात ठेवू नये, त्याच आठवड्यात भरून पाठवावे आणि पोस्टाची पावती जपून ठेवावी.