लग्नात पुढच्या सोफ्यावर बसवलं तर नम्र ख्रिस्ती माणसाने नाही म्हणावं का?

नाही, यजमान स्वतः बोलावत असतील तर निमूट जाऊन बसावं. येशूचा आक्षेप मानाची जागा आपणहून बळकावण्यावर आहे. आधार बायबलमधल्या लूक १४:७-११ चा. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, परूशी या कडक नियम पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या एका पुढाऱ्याकडे जेवताना पाहुणे पहिल्या जागा कशा धरतात हे बघून येशूने सांगितलं: लग्नात शेवटच्या जागी बसा, यजमान स्वतः वर बोलावील. नाहीतर मोठा पाहुणा आला की उठायची वेळ येते. (नागपूरच्या लॉनवर आमदार आले की पहिल्या रांगेत काय होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल.) हा सल्ला जुनाच आहे, नीतिसूत्रे २५:६-७ मध्ये राजासमोर पुढे-पुढे न करण्याबद्दल तेच सांगितलंय. म्हणून "या न जी, समोर बसा" म्हणून मुलीचे वडील हात धरून नेत असताना दहा वेळा "नाही, नाही, मी इथंच बरा" करणं ही नम्रता नव्हे, त्यात सगळा मांडव आपल्याकडेच बघत राहतो.

फक्त एक, मागे बसून कोणी बोलावतंय का याकडे डोळे लावून बसलात तर तोही गर्वच, जागा तेवढी बदललेली. आणि घरचं कार्य असेल तर याकोब २:१-४ वाचा: सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला "तिकडे उभा राहा" हा भेदभाव तिथे स्पष्ट नाकारलाय.