वाचकांचे प्रश्न : फौजींसाठी नेमकं काय करायचं?

जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांना मदत कशी करावी, याबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न एकाच उत्तरात बसवले आहेत.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : रोज एक रुपया दिला तर सैन्याला आधुनिक शस्त्रं घेता येतील. खाली बँक खात्याचा नंबर आहे. आमचे चाळीस फ्लॅट आहेत आणि सगळ्यांची द्यायची तयारी आहे. द्यावेत का?
— एक वाचक, डोंबिवली

त्या मेसेजवरून देऊ नका. असा मेसेज दिशाभूल करणारा असल्याचा खुलासा संरक्षण मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्येच केला आहे, तरी तो दर काही महिन्यांनी पुन्हा उगवतो. शस्त्रखरेदी अर्थसंकल्पातून होते, लोकवर्गणीतून नाही. लोकांचा पैसा लागतो तो कुटुंबांसाठी, आणि त्यासाठी सरकारी निधी वेगवेगळे आहेत.

सशस्त्र सेना ध्वजदिन निधी केंद्रीय सैनिक बोर्ड सांभाळतं. युद्धविधवा, माजी सैनिक, त्यांच्या मुलांचं शिक्षण, पेन्शन नसलेले वृद्ध फौजी यांच्यासाठी तो आहे. १९४९ पासून ७ डिसेंबरला जो छोटा झेंडा छातीला लावतात, तो याच दिवसाचा. त्यातला लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे तिन्ही दलांचे रंग. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वर्षभर केव्हाही पैसे भरता येतात. राष्ट्रीय संरक्षण निधी १९६२ चा, पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालचा. लढताना कामी आलेल्या किंवा जायबंदी झालेल्या जवानांसाठी संरक्षण मंत्रालयाचं ‘माँ भारती के सपूत’ हे संकेतस्थळ २०२२ मध्ये सुरू झालं.

बहुतेक लोक चुकतात ते पुढे. सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी ही दलं संरक्षण मंत्रालयाची नाहीत, गृह मंत्रालयाची आहेत. २०१९ मध्ये पुलवाम्यात गेलेले ४० जवान सीआरपीएफचे होते. अशा कुटुंबांसाठी २०१७ चं ‘भारत के वीर’ हे संकेतस्थळ आहे. तिथे एका जवानाचं नाव निवडून थेट त्याच्या वारसांच्या खात्यात पैसे जातात. एका कुटुंबाची मर्यादा १५ लाखांची आहे. ती ओलांडत असेल तर रक्कम कमी करायला किंवा सामायिक निधीत वळवायला सांगितलं जातं.

संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा, आलेल्या लिंकवर बोट नको. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ हवंच. आणि चाळीस फ्लॅटचे पैसे सेक्रेटरीच्या खात्यात गोळा करू नका. ज्याने त्याने भरले तर पावती ज्याच्या त्याच्या नावाची येते. देणगीवरची करवजावट (कलम ८०जी) २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर मुळीच मिळत नाही.

चाकणला माझा पंचेचाळीस कामगारांचा कारखाना आहे. माजी सैनिकांना कामावर घ्यायची इच्छा आहे, पण गेटवर दोनच माणसं लागतात.
— एक उद्योजक, पुणे

प्रश्नातच अडचण दिसते. फौजी म्हणजे गेटवरचा माणूस, हे समीकरण उद्योजकांच्या डोक्यातून निघतच नाही. दरवर्षी सुमारे ६०,००० सैनिक निवृत्त होतात, त्यातले बरेचसे चाळिशीच्या आत किंवा आसपास. ईएमई या सैन्याच्या यंत्रदुरुस्ती विभागातला माणूस गाड्या, जनरेटर आणि यंत्रं दुरुस्त करत आलेला असतो. ऑर्डनन्स, म्हणजे सामग्री विभागाचा स्टोअरकीपर हजारो सुट्या भागांचा हिशेब ठेवत आलेला असतो. सिग्नल्स, म्हणजे संदेशवहन विभागातल्या माणसाला केबल आणि नेटवर्क कळतं. मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट तुमच्या प्रथमोपचार खोलीत बसू शकतो. हवालदाराने साधारण दहा जणांची तुकडी चालवलेली असते, नायब सुभेदाराने तीसेक जणांची. तुमचा शिफ्ट सुपरवायझर याहून वेगळं काय करतो?

माणसं शोधायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे नोकरी हवी असलेल्या माजी सैनिकांची नोंद असते. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, नोकरी मेळावे घेतं. तिथे कंपनी म्हणून नाव नोंदवता येतं. गेटसाठीच माणसं हवी असतील तर पुण्यातलं माजी सैनिक महामंडळ, ‘मेस्को’, रीतसर पुरवतं.

मुलाखतीला बायोडेटापेक्षा डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं पुस्तक, मागा. ट्रेड, सेवेची वर्षं, मेडिकल कॅटेगरी आणि चारित्र्याचा शेरा त्यात असतो. ‘तुमची बलस्थानं सांगा’ असं विचारलंत तर ‘सर, जे काम द्याल ते करू’ एवढंच ऐकायला मिळेल, आणि माणूस सुमार आहे असं तुम्ही ठरवून टाकाल. त्याऐवजी विचारा : हाताखाली किती माणसं होती, किती गाड्या होत्या, रात्री बिघाड झाला तर पहिल्यांदा काय तपासायचात? ड्रायव्हर घेताना मुलकी लायसन्स अवजड वाहनाचं आहे का, ते पाहा. तोफखान्यात किंवा इंजिनाजवळ वर्षं काढलेल्यांना कधी कधी एका कानाने कमी ऐकू येतं. कर्कश विभागात तोंडी सूचनांवर विसंबू नका.

लावलेली माणसं टिकत नाहीत, याची कारणं दोन. पहिलं, दोन साहेब दोन हुकूम देतात. कामाचा तपशील एका कागदावर लिहून द्या आणि हुकूम देणारा एकच ठेवा. दुसरं, ‘पेन्शन आहे ना’ म्हणून पगार कापणं. पेन्शन ही झालेल्या नोकरीची कमाई आहे, तुमच्याकडच्या कामाचा तिच्याशी संबंध नाही. किमान वेतन, ओव्हरटाइम, ईएसआय सगळं इतर कामगारांसारखंच. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना तर पेन्शनही नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सैन्यात कायम होतात, बाकीचे विशी-पंचविशीत, कवायतीची शिस्त अंगात मुरलेली असताना, काम शोधत येतात. तुमच्या आकाराच्या कारखान्याला अशी दोन-तीन मुलं सहज सामावून घेता येतील.

शेजारच्या आजी फौजीच्या विधवा आहेत. पेन्शन दोन महिने आलेली नाही. बँक म्हणते, ‘आमच्याकडे काही नाही, स्पर्शवर बघा.’ त्यांना मोबाइल जमत नाही.
— एक वाचिका, कराड

बहुधा हयातीचा दाखला राहिला असेल, किंवा दिला तो भलतीकडे गेला असेल. संरक्षण पेन्शन आता ‘स्पर्श’ या प्रणालीतून थेट खात्यात येते, बँकेच्या हातात फारसं उरलेलं नाही. दाखला दर वर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो.

आजींचं आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) घेऊन बसा. फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन्ही ॲप हवीत. आधी तुमचा चेहरा ऑपरेटर म्हणून नोंदवावा लागतो, मग आजींची माहिती भरायची. पेन्शनचा प्रकार ‘फॅमिली’. मंजुरी देणारं कार्यालय संरक्षण विभागाचं पीसीडीए (पेन्शन) अलाहाबाद आणि वाटप करणारं ‘स्पर्श’ – पीसीडीए (पेन्शन) अलाहाबाद. यादीत शहराचं जुनंच नाव शोधा. सर्वांत जास्त चूक इथेच होते : वाटपाच्या रकान्यात सवयीने बँक निवडली जाते, दाखला तयार होतो, मोबाइलवर प्रमाण क्रमांकही येतो, आणि तरीही तो योग्य ठिकाणी पोचतच नाही. स्पर्शवर बदली झाल्यावर नवा पीपीओ क्रमांक मिळालेला असेल तर तोच टाका.

चेहरा टिपताना उजेड समोरून हवा, पाठीमागे साधी भिंत हवी, चष्मा काढलेला हवा. ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं. आजींना ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या टक लावून पाहत राहतात आणि प्रयत्न फसतो. शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून अंगठ्याच्या यंत्रापेक्षा चेहरा बरा. आधारवरचं आणि पीपीओवरचं नाव जुळत नसेल तर आधी तेच दुरुस्त करावं लागेल. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.

प्रमाण क्रमांक मिळाला म्हणजे दाखला स्वीकारला गेला, असं नाही. आठवड्याने स्थिती पुन्हा पाहा. पेन्शन सुरू झाली की अडकलेल्या महिन्यांची थकबाकीही मिळते. स्पर्शचा पासवर्ड तुमच्या फोनमध्ये न ठेवता आजींच्या वहीत लिहा, आणि दाखल्यासाठी फोन करून ओटीपी विचारणारा कोणीही लबाडच, हे त्यांना बजावून सांगा.

बसल्या बसल्या त्यांचं ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्डही पाहून घ्या. तातडीच्या वेळी जवळच्या कुठल्याही रुग्णालयात नेता येतं. मात्र ते योजनेच्या यादीत नसेल तर ४८ तासांच्या आत योजनेच्या पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं. घरचे धावपळीत ते विसरतात आणि बिल अडकतं. पॉलिक्लिनिकचा नंबर दाराच्या मागे चिकटवून ठेवा.

शाळेतर्फे सीमेवर फराळ आणि पत्रं पाठवायची आहेत.
— एक शिक्षिका, चिपळूण

‘सीमेवरील जवानांस’ एवढ्या पत्त्यावर काही पोचत नाही. गावातला, ओळखीतला एखादा जवान शोधा आणि त्याच्यामार्फत त्याच्या तुकडीला पाठवा. पत्त्यात सेवा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, मग केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (सैन्याची टपाल कार्यालयं) आणि ९ ने सुरू होणारा पिन. ठिकाणाचं नाव लिहायचं नाही. माहीत असलं तरी नाही.

किती पाठवायचं, ते त्यालाच विचारा. चौकीवर दहा जण असतात, कंपनीत शंभराच्या वर. शंभर जणांत तीस पुड्या गेल्या तर वाटपाची पंचाईत होते. निदान तीन आठवडे आधी टाका. बर्फाने वाट बंद झाली की टपाल खालीच थांबतं. चकल्यांचा भुगा होतो आणि खोबरं घातलेला चिवडा खवट होतो. शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू हवाबंद डब्यात नीट टिकतात. काचेच्या बरण्या, लायटर, पॉवर बँक नकोत. जुने स्वेटरही नकोत, गरम कपडे त्यांना मिळतात. कोल्ड क्रीम, पत्त्यांचे जोड आणि दिवाळी अंक पाठवा. मराठी वाचायला मिळणं तिथे दुर्मीळ, आणि एक अंक चौकीभर फिरतो.

मुलांच्या पत्रांत घरचा पत्ता आणि फोन नको, शाळेचं नाव पुरे. ‘शत्रूला धडा शिकवा’ असं फळ्यावरून उतरवून घेतलेलं पत्र कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. या वर्षी पाऊस किती पडला, वर्गात कोण खोड्या काढतं, हे लिहू द्या. उत्तरादाखल फोटो आला तर शाळेच्या पानावर टाकू नका.

दुकानात फौजींना दहा टक्के सवलत ठेवायची आहे. ओळख कशी पटवावी?
— एक दुकानदार, नगर

ओळखपत्र पाहा आणि परत द्या. झेरॉक्स, फोटो, व्हॉट्सॲपवर मागवणं नको. फौजी ओळखपत्रांचे असे फोटोच ठगांच्या हाती लागतात. सवलत कोणाला, ते पाटीवर स्पष्ट लिहा : सेवेतले, निवृत्त, वीरपत्नी, घरचे. नाहीतर काउंटरवर वाद होतो आणि वृद्ध फौजी गप्प निघून जातो.

दुकानदारांना फसवण्याची ठरलेली पद्धत अशी : ‘कॅम्पमधून बोलतोय’ म्हणत मोठी ऑर्डर येते, वर्दीतल्या ओळखपत्राचा फोटो येतो, आणि पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतात. पैसे घेण्यासाठी स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

सवलतीइतकंच दुकानाच्या पायरीकडेही पाहा. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये १९७४ पासून कमरेखाली लुळे झालेले सैनिक राहतात, आणि असे कितीतरी आपापल्या गावी आहेत. पायरी १५ सेंटिमीटर उंच असेल तर उताराची लांबी १.८ मीटर हवी, म्हणजे एकास बारा. त्याहून खडा केलात तर व्हीलचेअर दुसऱ्याला ढकलावी लागते. दार ९० सेंटिमीटरचं हवं.

मिलिटरी कँटीनमधून ओळखीवर बाटली आणून घेणं चुकीचं आहे का?
— नाव नको

हो. तो माल विकणं किंवा दुसऱ्यासाठी उचलणं नियमाविरुद्ध आहे आणि कार्ड आणून देणाऱ्या फौजीचं जातं, तुमचं नाही. मागूच नका.

गावातला जवान शहीद झाला. ग्रामस्थ निधी जमवताहेत. पुढे भांडण नको, म्हणून आधीच विचारतो.
— एक सरपंच, सातारा जिल्हा

पैसे कोणाला, हे जमवण्याआधी ठरवा. पत्नीला किती आणि आईवडिलांना किती, ते दोन्हीकडच्यांना विचारून ठरावात लिहा. भांडण होतं ते रक्कम हातात आल्यावर. अंत्यविधीच्या जागी डबा फिरवू नका. जनतेकडून वर्गणी घ्यायची तर धर्मादाय आयुक्तालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते, तीच जी गणेश मंडळं घेतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे वारसांचे खाते क्रमांक त्यांच्या संमतीने ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि लोकांना थेट भरू द्या.

बॅनर एकच पुरे. कागदपत्रं जाणणारा एक माणूस मात्र सहा महिने त्या घराला नेमून द्या. त्याने मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-पंधरा प्रती काढून ठेवाव्यात. पत्नीचं माहेरचं नाव आधारवर आणि सासरचं सैन्याच्या नोंदीत, हा घोळ आधी सोडवावा, कारण पेन्शन, विमा, मुलांची शिष्यवृत्ती सगळं तिथेच अडतं. पत्रव्यवहार रेकॉर्ड ऑफिसशी होतो : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची पोच एका फायलीत लावावी.

सरकारी रक्कम जमा झाली की प्लॉटवाले आणि विमा एजंट दारात उभे राहतात. पहिले सहा महिने मुदत ठेवीपलीकडे कुठेही सही नको, हे त्या नेमलेल्या माणसानेच त्यांना दारात सांगावं. घरच्यांवर नाही म्हणण्याची वेळ येऊ देऊ नका.