वाचक विचारतात : थर पातळ, धातू बळकट – पण कुठपर्यंत?

प्रश्न : सिलिकॉनच्या चकतीवर तांबं आणि निकेलचे आलटून-पालटून थर दिले, एकूण जाडी १ मायक्रॉन (१००० नॅनोमीटर). एकेक थर १०० नॅनोमीटरवरून ४०, १०, ५ असा पातळ करत गेले तसा हार्डनेस वाढला, पण २ नॅनोमीटरला उतरला. हॉल-पेच नियमाप्रमाणे (थर जितका पातळ, तितका धातू बळकट) तो वाढायलाच हवा होता. माझं मोजमाप चुकलं का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : उतार खरा असू शकतो, कारण हॉल-पेच तिथे लागूच होत नाही. हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) यांचा नियम रांगेवर उभा आहे. धातू वाकतो तो डिसलोकेशन सरकल्यामुळे. डिसलोकेशन म्हणजे अणूंच्या मांडणीतली रेषेसारखी चूक. थर जाड असेल तर सीमेपाशी अशा अनेक चुकांची रांग लागते आणि मागच्यांचा रेटा पुढचीला सीमेपार ढकलतो. थर पातळ झाला की रांग आखूड होते, रेटा घटतो, बळकटी वाढते.

साधारण ५० नॅनोमीटरच्या खाली रांगेला जागाच उरत नाही. एकटं डिसलोकेशन दोन सीमांच्या मधल्या बोळात कमानीसारखं वाकून पुढे सरकतं. बोळ जितका अरुंद, तितका वाकायला ताण जास्त. म्हणून बळकटी वाढतच राहते, फक्त कारण बदलतं. पाचेक नॅनोमीटरच्या खाली मात्र वाकण्यापेक्षा सीमा ओलांडणं सोपं पडतं. तिथून पुढे थराची जाडी नव्हे, सीमा किती अडवते ते ठरवतं. तांबे-नायोबियममध्ये स्फटिकरचनाच वेगळ्या, त्यामुळे १-२ नॅनोमीटरलाही ६ ते ७ गिगापास्कल (दाबाचं एकक) हार्डनेस टिकतो. तांबं आणि निकेल यांची रचना मात्र एकच, अणूंमधल्या अंतरात फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा. म्हणून तुमच्या जोडीत उतार दिसण्यात नवल नाही.

पण खोटा उतारही असतो, आधी तो वगळा. थर देण्याचा वेग सेकंदाला ०.२ नॅनोमीटर असेल तर २ नॅनोमीटरला १० सेकंद लागतात. शटर (धातूची वाफ अडवणारं झाकण) अर्धा सेकंद उशिरा मिटलं की ५ टक्के जाडी चुकली. १०० नॅनोमीटरच्या थराला हाच उशीर जाणवतही नाही. म्हणून वेग आधी १५०-२०० नॅनोमीटरच्या एकाच थरावर मोजा, आणि नमुना तयार झाल्यावर दोन थरांची मिळून जाडी कमी कोनातल्या एक्स-रे परावर्तनाने तपासा. परावर्तनाच्या आलेखातली शिखरं धूसर दिसली तर थर खडबडीत आहेत किंवा एकमेकांत मिसळलेत. मग आलेखावर ‘२ नॅनोमीटर’ लिहिण्यात अर्थ नाही. थर देण्याच्या पेटीतली निर्वातही बघा : एक दशलक्षांश टॉरला उरलेल्या हवेचा अणुभर जाडीचा थर साधारण सेकंदात पृष्ठभागावर आदळतो.

इंडेंटरची (हार्डनेस मोजायला टोचायच्या सुईची) टोच एकूण जाडीच्या दहाव्या भागापलीकडे, म्हणजे तुमच्याकडे १०० नॅनोमीटरपेक्षा खोल नेऊ नका. खालचं सिलिकॉन कठीण आहे, ते आकडा फुगवतं. थर्मल ड्रिफ्ट (तापमान बदलल्याने टोचेची जागा सरकणं) सेकंदाला ०.०५ नॅनोमीटरच्या आत हवा. वैशाखातल्या दुपारी, एसी बंद-चालू होत असताना, हे जमत नाही. मोजणी रात्री करा.

प्रश्न : आमच्याकडे पत्रा काढायचं रोलर मशीन आहे. तांबं-चांदीचे पत्रे एकावर एक ठेवून, लाटून, कापून, पुन्हा लाटून असे नॅनो थर मिळतील का?
– सराफी कारागीर, जळगाव

उत्तर : पद्धत खरी आहे, तांबे-नायोबियमचे दहा-वीस नॅनोमीटरचे थर असेच लाटून केले गेलेत. हिशोब करा. अर्ध्या मिलिमीटरचे दोन पत्रे, प्रत्येक फेरीत जाडी निम्मी : १३ फेऱ्यांनंतर एक थर ६१ नॅनोमीटर, चौदाव्या फेरीत ३०. अडचण फेऱ्यांच्या संख्येची नाही. थंड पत्रे चिकटायला एकाच पासात जाडी जवळजवळ निम्मी व्हावी लागते. हाताने फिरवायच्या रोलरची तेवढी ताकद नसते. दर वेळी ॲसिटोनने तेल काढून, तारेच्या ब्रशने घासून लगेच लाटावं लागतं. उशीर झाला तर ऑक्साइड बसतो आणि पुढच्या फेरीत तिथेच पापुद्रा सुटतो. कडा तडकतात, त्या दरवेळी कापा, नाहीतर चीर आत शिरते.

मऊ करायला तापवण्याची सवय मात्र इथे घात करते. तांबं-चांदी ७७९ अंशांना वितळू लागतात, पण त्याच्या बऱ्याच आधी बारीक थर तुटून त्यांचे गोळे होतात. शिवाय एक धातू दुसऱ्यापेक्षा फार कडक झाला की त्याचा थर खापरावरच्या मांड्यासारखा मधेच विरतो आणि सुटे तुकडे उरतात. सोनं-तांब्याची जोडी तर घेऊच नका. तापवलं की दोन्ही एकमेकांत पूर्ण मिसळतात, थर उरतच नाहीत.

प्रश्न : निकेल-ॲल्युमिनियमचे नॅनो थर गरम भागांवर चालतील का?
– वर्कशॉपचालक, धुळे

उत्तर : नाही. ही जोडी ठिणगी पडताच आपसांत संयोग पावते, तापमान हजार अंशांपलीकडे जातं आणि प्रतिक्रिया सेकंदाला काही मीटर वेगाने पत्राभर पळते. नाजूक जोडकामात डाक लावायला नेमका याच गुणाचा उपयोग करतात. नमुना हाती आलाच तर ग्राइंडरजवळ ठेवू नका.