टोमॅटोतील फळ पोखरणारी अळी: डबी बदलली, औषध तेच

शंका: तार-काठीवरचा टोमॅटो आहे, तोडे सुरू आहेत. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल, मग फ्लुबेंडिअमाइड, पुन्हा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल अशा तीन फवारण्या झाल्या. तरी फळांना छिद्रे पडतात. आता काय मारावे?

उत्तर: तुमच्या डब्या बदलल्या, गट बदलला नाही. ही दोन्ही औषधे गट २८ मधली (औषध अळीवर कसे काम करते त्यावरून हे गट पाडतात); सायॅन्ट्रानिलीप्रोलही त्यातलेच. तिन्ही अळीच्या स्नायूंवर एकाच जागी काम करतात, त्यामुळे एकाला दाद न देणारी अळी बहुधा बाकीच्यांनाही जुमानत नाही. दुकानात ब्रँडचे नाव सांगू नका. डबीवर बारीक अक्षरात छापलेला घटक वाचा.

आधी अळी ओळखा. मोठे गोल छिद्र आणि अळीचे अर्धे अंग फळाबाहेर असेल तर ती घाटेअळी (हेलिकोव्हर्पा). देठाजवळ टाचणीएवढे छिद्र आणि पानावर पांढुरके, आत काळी विष्ठा असलेले चट्टे असतील तर टूटा नागअळी. ही २०१४ पासून आपल्याकडे आहे. टूटासाठी तिचे वेगळे कामगंध सापळे लागतात. घाटेअळीच्या ल्यूरला (सापळ्यातल्या गंधाच्या गोळीला) टूटाचे पतंग येत नाहीत.

घाटेअळी असेल तर आता वेगळ्या गटातले इंडोक्साकार्ब १४.५ एससी (१४.५ टक्के घटकाचे द्रव औषध) घ्या: एकरी २०० मिली, २०० लिटर पाण्यातून. चूक बहुतेक इथेच होते. '१० लिटरला १० मिली' हे प्रमाण १६ लिटरच्या पंपालाही तेवढेच टाकले जाते. तिथे १६ मिली हवे. वाढलेल्या पिकात एकरी १०० लिटर पाण्यावर उरकले तर औषध निम्मेच पडते, आतल्या पानांपर्यंत तर पोचतच नाही.

फळात शिरलेल्या अळीला कोणतीच फवारणी लागू पडत नाही. अंडी शेंड्याकडच्या, फुलांजवळच्या पानांवर असतात. तिथे बारीक अळ्या दिसताच, संध्याकाळी फवारा. म्हणजे मधमाश्याही वाचतात. इंडोक्साकार्बनंतर ५ दिवस तोडा करता येत नाही, म्हणून रंग धरलेली फळे आधी काढून घ्या. किडकी फळे बांधावर टाकू नका, खोल पुरा. बांधावरच्या फळांतून अळी बाहेर येते, मातीत कोष करते आणि पतंग पुन्हा तुमच्याच प्लॉटवर येतात.

घाटेअळीच्या पुढच्या पिढीसाठी एचएएनपीव्ही (घाटेअळीला मारणारा विषाणू) एकरी १०० एलई (विषाणूची मात्रा मोजायचे एकक) फवारा, तेही संध्याकाळीच. उन्हात हा विषाणू निकामी होतो. गट २८ मधले औषध या हंगामात पुन्हा नको.